मशेरीचा वास बरणीत भरताना

शिरूर

मी वासांची चित्रं करतो असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, म्हणजे नेमकं काय करता? म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो. एक अंधारी खोली असते. भिंतीवर काहीही नसतं. ओळीने झाकणाच्या काचेच्या बरण्या ठेवलेल्या असतात आणि प्रत्येकीत वास धरलेला कापूस. आलेल्या माणसाने झाकण काढायचं, डोळे मिटायचे आणि वास घ्यायचा. बाकीचं चित्र त्याचं तो काढतो. पाटी पुसायच्या ओल्या फडक्याचा वास घेऊन एक साठीचे गृहस्थ माझ्यासमोर जमिनीवर बसले होते आणि किती तरी वेळ उठायला तयार नव्हते. त्या दिवसापासून मला या कामाबद्दल शंका उरली नव्हती.

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. वसमतच्या शाळेत चित्रकलेच्या सरांनी स्वतःचे रंग वापरायला दिले नसते आणि पुण्यात समाजकल्याणच्या वसतिगृहात जागा मिळाली नसती, तर मी आज कुठे असतो हे मला चांगलं ठाऊक आहे. त्यामुळे पुण्यातल्या एका प्रदर्शनासाठी ‘जिल्ह्यातल्या माणसांच्या लहानपणाचे वास’ गोळा करशील का, असं आयोजकांनी विचारल्यावर मी शिकवतो त्या शाळेतून रजा घेतली आणि निघालो. मित्र म्हणाले, शिरूर-दौंडात काय बघायचंय? कंपन्या आणि ऊस. मी म्हटलं, मला बघायचं नाहीच.

शिरूरला उतरलो तो बाजाराचा दिवस होता. घोडनदीकडून येणारा वारा कोथिंबीर, सुकट आणि डिझेल असं सगळं एकत्र करून आणत होता. बाजाराच्या कडेला हमीदमामांचं दुकान सापडलं. दुकान म्हणजे एक बाज आणि वर ताडपत्री. अत्तराच्या बाटल्या, कुंकू, बुक्का, उदबत्त्या, काळे मणी. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या हाच धंदा, आठवड्याचे बाजार फिरण्याचा.

“लहानपणाचा वास?” मामा म्हणाले. “सर, हितं लोकं मोठेपणाचा वास घालवायला येत्यात माझ्याकडं.”

पण त्यांनी मला स्टूल दिलं आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला स्वतःच विचारायला सुरुवात केली. “मावशी, ह्ये सर विचारत्यात, तुमच्या लहानपणाला वास कसला यायचा?”

घेवडा विकणारी एक म्हातारी म्हणाली, “माझ्या लहानपणाला वासच नव्हता बाबा. नाक कायम भरल्यालं.”

सगळे हसले. मग तिच्या शेजारची, जरा तरुण, पिशवी खांद्यावर टाकता टाकता म्हणाली, “आईच्या मशेरीचा. तांबडं फुटायच्या आधी तव्यावर भाजायची. आम्ही समदी ठसका लागूनच उठायचो.”

त्यानंतर जणू ठरल्यासारखं झालं. मशेरी. मशेरी. एका कंडक्टरनेही तेच सांगितलं आणि सांगताना नाक चोळलं.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि ती पूड बोटाने दातांना, हिरड्यांना लावायची. सकाळी एकदा, मग जेवल्यावर, मग कामातून उठल्यावर, आणि पुढेपुढे कारण लागत नाही. आमच्या वसमतकडे बायका तंबाखू खातात ती चुना लावून, तळहातावर मळून. तिचा वास घरभर होत नाही. इकडे भाजतात, त्यामुळे पाळण्यातल्या पोरालाही तिचा वाटा मिळतो.

“माझी अम्मीबी लावायची,” हमीदमामा बाटल्या पुसत म्हणाले. “त्यातच गेली. मीच तिच्या कफनाला अत्तर लावलं. ह्यातलंच. लग्नाला आन् मयताला माझ्याकडं बाटली एकच असती, सर.”

निघताना त्यांनी मला केवड्याची एक छोटी बाटली भेट दिली. ती माझ्या पिशवीत कपड्यांमध्ये फुटली, हे पुढच्या गाडीत बसल्यावर कळलं. शेजारचा माणूस उठून दुसरीकडे जाऊन बसला.

कारेगाव

कारेगावला मला संतोषकडे उतरायचं होतं. वसतिगृहात तो माझा खोलीतला सोबती. आर्ट टीचर डिप्लोमाला आम्ही एकाच बाकावर बसायचो आणि हात माझ्यापेक्षा त्याचा चांगला होता. वडील वारले आणि दुसऱ्या वर्षी तो शिक्षण सोडून कंपनीत लागला. तेव्हापासून तो मला मास्तर म्हणतो.

एका ओळीत बांधलेल्या पत्र्याच्या खोल्या, दोरीवर एकाच रंगाचे गणवेश, एका दारातून भोजपुरी गाणं, दुसऱ्या दारातून आमच्या नांदेडकडची बोली. ती ऐकून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. संतोष दारात उभा होता.

“ये मास्तर! कुणाच्या वरातीतनं आला?”

“बाटली फुटली रे.”

“राहू दे. आमच्या खोलीला पहिल्यांदाच बरा वास आलाय.”

त्याने स्टोव्हवर भुर्जी केली, मेसमधून चपात्या आणल्या. जेवताना मी त्याला माझा नेहमीचा प्रश्न विचारला. तो चपातीचे तुकडे मोडत राहिला.

“मशेरी,” शेवटी म्हणाला. “अंधार असायचा. चुलीपुढं आई बसल्याली. तव्याचा ठसका आला की मला वाटायचं, आई उठली, आता भ्यायचं कारण न्हाई. मग परत झोपायचो. तेवढीच झोप खरी गाढ लागायची.”

त्याच्या आईला तोंडाचा कॅन्सर झाल्याचं मला माहीत होतं. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात खालचा अर्धा जबडा काढला होता. आता मानेत पुन्हा गाठ आली होती, हे मला नव्याने कळलं.

“डॉक्टर म्हनले, घरी न्या, आवडतंय ते द्या. नळीतनं काय आवडायचं रे माणसाला?” त्याने ताट बाजूला सरकवलं. “मास्तर, तू वास धरतोस ना? माझ्या आईचा तेवढा धर. ती हाय तवर धर.”

“त्या मशेरीनेच तर त्यांची ही दशा केली, संतोष.”

“मला कळत न्हाई का? पण आई गेल्यावर मी काय घिऊन बसू? आपरेशननंतरचा फोटो बघवत न्हाई आन् आधीच्या फोटोत ती तोंड मिटूनच बसलीय, दात काळे म्हणून.”

त्याने सुपरवायझरला फोन करून रजा मागितली. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या गाडीवर निघालो.

पारगावच्या पुलावर

न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे जाणारा रस्ता दोन्ही बाजूंनी उसाने भिंत घातल्यासारखा आहे. पारगावजवळ भीमेवर पूल लागतो. संतोष म्हणाला होता, नदीचा वास घे, लहानपणी आम्ही हितं पोहायचो. मी बरणी घेऊन उतरलो. पाण्यावर जलपर्णी होती, हिरवी, गच्च, चालत जाता येईल अशी. खाली पुण्याकडून आलेलं काळं पाणी. वास घेतला आणि बरणी न उघडताच परत चढलो. आमच्याकडे नदी आटते, पण जेवढी उरते तेवढी नदीच असते.

पुढे एका गुऱ्हाळाचं धुराडं दिसलं. काकवीचा वास तरी मिळेल म्हणून थांबलो. गोडसर वाफ येत होती, पण तिच्यावर जळक्या रबराचा जाड थर होता. भट्टीपुढे चपलांच्या तुकड्यांचा ढीग पडला होता. कामावर असलेला उत्तर प्रदेशचा माणूस डोळे पुसत हसला आणि म्हणाला, “खुशबू लेने आए हो? हमको तो अब आती ही नहीं.” त्याने आम्हाला गरम गूळ दिला. संतोषने तो खाल्ला आणि पुढे जाऊन थुंकला.

कासुर्डीच्या अलीकडे

संतोषचं गाव हायवेवरून आत आहे, कासुर्डीच्या अलीकडे. वस्तीवर दोन खोल्यांचं घर, पुढे पडवी, कडेला गोठा आणि मागे ऊस. त्याची थोरली बहीण सविता दारात आली. तिचं सासर कासुर्डीचंच, पण आईच्या ऑपरेशनपासून ती बहुतेक दिवस माहेरीच राहते. संतोषची आई आतल्या खोलीत लोखंडी कॉटवर बसली होती. मी त्यांना मावशी म्हणतो. वसतिगृहात त्या संतोषला भेटायला यायच्या तेव्हा माझ्यासाठीही भाकरी बांधून आणायच्या. ते उपकार मी विसरलेलो नाही.

आता चेहऱ्याची एक बाजू आत गेली होती. नाकात नळी, गालावर तिची चिकटपट्टी. मी पाया पडलो तेव्हा त्या काही बोलल्या. मला एक अक्षरही कळलं नाही.

“वाळलास म्हणती,” सविता म्हणाली. “आन् अंगाला कसला वास येतोय विचारती.”

मी केवड्याची हकिगत सांगितली. मावशींच्या घशातून घरघर झाली. त्या हसत होत्या. त्यांचं बोलणं फक्त सविताला कळतं. संतोषलाही नीट कळत नाही.

दुपारी सविताने शेंगोळे केले. हुलग्याच्या पिठाचे वळे, लसूण-मिरचीच्या रश्शात शिजवलेले. आमच्याकडे हुलगे जनावरांना घालतात, हे मी मूर्खासारखं बोललो. “मंग तुम्हाला दावणीला बांधून वाढते, थांबा,” सविता म्हणाली. आम्ही पडवीत, आडोशाला बसून जेवलो. मावशींना दिसेल असं या घरात कुणी जेवत नाही. नंतर सविताने गाळलेलं वरण पिचकारीत भरलं आणि हळूहळू नळीतून सोडलं. मावशी तेवढा वेळ भिंतीकडे बघत होत्या.

हात धुताना सविता माझ्या मागे आली. आईची मशेरी भाजून वास धरायचं आमचं कारेगावला ठरलेलं तिने संतोषकडून ऐकलं होतं.

“दादा, पाव्हणे असला तरी तोंडावर सांगते. राग मानू नका. मी सातवीत असल्यापास्नं मशेरी लावायचे. आईच्याच डबीतली. सासरीबी लावली. तिचं आपरेशन झालं त्या दिशी डबी दवाखान्यातच टाकून दिली. तवापास्नं शिवले न्हाई. पण अजून जेवान झालं की बोट आपसूक दाताकडं जातंय.” तिने ते बोट मला दाखवलं, पहिलं बोट, जणू ते तिचं नव्हतंच. “तो वास आला तर माझ्यानं धरवायचं न्हाई. माझी पोरगी बारकी हाय. तिनं माझ्याबी नाकात नळी बघायची का?”

मी तिला म्हटलं, होणार नाही. आणि मनापासून म्हटलं. संतोषला बाजूला घेऊन सांगितलं की मी दुसरं काही करतो, चुलीतल्या राखेचा, गोठ्याचा वास करतो. तो नाराज झाला, पण हो म्हणाला.

खोलीची भिंत मात्र एकविटी होती, बाहेरचं सगळं आत मावशींना ऐकू गेलं होतं. चहाच्या वेळी आत गेलो तेव्हा मावशींनी माझ्या पिशवीकडे बोट केलं. मी बरण्या काढून दाखवल्या. त्यांनी एकेकीचं झाकण उघडून ती नाकाशी धरली आणि बाजूला ठेवली. मग त्या संतोषकडे बघून काही बोलल्या.

“काय म्हणती?” संतोषने विचारलं.

“काय न्हाई,” सविता म्हणाली.

संतोष कॉटपाशी खाली बसला. “आई, ह्यो मास्तर वास भरून ठेवतो ह्याच्यात. तुझी मशेरी भाजून भरू का?”

“संत्या!” सविता ओरडली.

मावशी बोलल्या. आवाज लहान होता, पण लगेच आला. आम्ही दोघं सविताकडे बघत राहिलो.

“नको म्हणती,” सविता म्हणाली.

मावशींनी कॉटच्या दांडीवर हात आपटला. बांगडी वाजली. त्या पुन्हा बोलल्या, या वेळी जास्त वेळ, थांबत थांबत, मानेची शीर ताणून. सविता त्यांच्या गालावरची पट्टी नीट करत राहिली. ती नीटच होती.

“भाजा म्हणती,” ती शेवटी म्हणाली. “तिलाबी वास घ्यायचाय. लावणार न्हाई म्हणती. लावायला दात कुठं ठेवलेत, म्हणती.”

मग उठता उठता भावाला म्हणाली, “घरात न्हाई. लांब न्यायचं. बांधाच्या पल्याड.”

बांधाच्या पलीकडे

दिवस कलता कलता संतोष आणि मी मावशींना खुर्चीत बसवून उचलून नेलं. वजन काहीच नव्हतं. सविताने घरी थांबावं असं मी सुचवलं, पण ठसका लागला तर नळी सांभाळणार कोण, आणि त्या काय बोलतात ते सांगणार कोण? ती आली. बायका गाडीवर बांधतात तसा स्कार्फ पाण्यात भिजवून तिने नाकातोंडावर गच्च बांधला होता. वारा पश्चिमेचा होता. आम्ही मावशींना धूर जाईल त्या बाजूला बसवलं आणि सविता धुरापासून हटून, वारा येत होता त्या बाजूला उभी राहिली.

तीन दगडांवर तवा ठेवला. तंबाखू गावातल्या दुकानातून आणली होती, सहज मिळाली. संतोषने पानं पसरली आणि उलथन्याने दाबत राहिला. आधी काहीच नाही. मग एक गोडसर, ओल्या मातीसारखा वास आला आणि तो एकदम वळला. जळका, तिखट, डोळ्यांच्या मागे जाऊन बसणारा. मला शिंका सुटल्या. पातळ तूप लावलेली ताटली मी धुरावर उपडी धरली, म्हणजे तुपात वास उतरतो. नंतर तेच तूप कापसाला चोळायचं. हात भाजत होता, पण इतका चांगला धरलेला वास मला आधी कधी मिळाला नव्हता. हे मी तेव्हा आनंदाने मनात म्हटलं, ते इथे जसंच्या तसं लिहितो.

संतोष तव्यापुढे उकिडवा बसून रडत होता. धूर आहे म्हणून डोळे पुसायची सोय होती.

मावशींनी डोळे मिटले होते. नळीच्या शेजारची नाकपुडी हलत होती. त्या बोलायला लागल्या, पण इतकं बारीक की ओठांची नुसती हालचाल दिसत होती.

“कळंना,” सविता पुढे येऊन, वाकून म्हणाली. “परत बोल, आई.”

मावशी पुन्हा बोलल्या. सविताने कान त्यांच्या तोंडाशी नेला, पण ओल्या कापडात कानही बांधलेला होता. तिने क्षणभर आमच्याकडे पाहिलं. मग स्कार्फ सोडला, गळ्यात टाकला आणि आईच्या तोंडापाशी कान नेऊन, त्या धुरात, ती ऐकत राहिली. आणि जसं ऐकलं तसं सांगत गेली.

“तिची दाढ दुखत व्हती. परकर नेसायची तवा. रात्रभर रडली. सकाळी तिच्या आईनं मशेरी भाजली, तिला मांडीवर घेतली आन् बोटानं दाढंला लावली. दुखायचं थांबलं.” सविता थांबली. मावशी आणखी काही बोलल्या. “म्हणती, भावंडं लई व्हती. आईनं मांडीवर घेतल्यालं तेवढं एकदाच ध्यानात हाय.”

 तवा गार व्हायला लागला. मावशींचं बोट वर उठलं, तोंडाकडे गेलं आणि जिथे जबडा नव्हता तिथे, त्या खड्ड्यापाशी, थांबलं. त्यांनी ते पदराला पुसलं, जणू काही लागलं होतं.

सविताने स्कार्फ पुन्हा बांधला नाही. मी बरणीचं झाकण घट्ट करण्यात गुंतलो होतो, तव्यातल्या भाजलेल्या पानांचं काय झालं ते पाहिलं नाही.

निघताना

ती बरणी मी प्रदर्शनात ठेवली नाही. माझ्या घरी मागच्या खोलीत, प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत बांधून ठेवली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. संतोष मला चौफुल्यापर्यंत सोडणार होता. सविताने वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या. बोलताना तिने पदर तोंडाशी धरला होता, पण पहाटेचा गारवा होता, मला काही वाटलं नाही.

“दादा, पिशवीत दशम्या वरच ठेवा,” ती म्हणाली. “न्हाईतर केवड्याच्या खाव्या लागतील.” आणि आपल्याच बोलण्यावर तिला हसू आलं, पदर सुटला.

वरच्या दातांच्या मुळाशी, हिरडीला लागून, काळी रेघ होती.

मी बघितलं हे तिने बघितलं. तिने तोंड मिटलं आणि आत गेली.  संतोष अंगणात गाडीला किक मारत होता.

मावशींचा निरोप घ्यायला मी आतल्या खोलीत गेलो. सविता त्यांना दूध द्यायच्या तयारीत होती. पिचकारी वाटीत ठेवून ती नळीचं टोक सोडवायला वाकली, तिचा चेहरा आईच्या चेहऱ्याजवळ आला, आणि मावशींची नाकपुडी हलली.

त्यांनी सविताची हनुवटी पकडली. काल खुर्चीचा हात धरायलाही ज्यांच्यात जोर नव्हता, त्या बाईने मुलीची हनुवटी अशी पकडली की सविताला मागे होता येईना. दुसऱ्या हाताने स्वतःच्या पदराचं टोक ओढलं, वाटीतल्या दुधात बुडवलं आणि तिच्या दातांवर घासायला सुरुवात केली. वरून, खालून, आतून. 

“मास्तर, चल! यष्टी जाईल!” बाहेरून संतोषने हाक मारली.

सविता कॉटच्या कडेला गुडघ्यांवर बसली होती, डोळे मिटून, लहान मुलीसारखं तोंड उघडून. दूध हनुवटीवरून गळ्यात उतरत होतं. पदराचं टोक काळं झालं. मावशींनी ते उलटं केलं, कोरड्या बाजूला दूध लावलं आणि पुन्हा घासू लागल्या.